सेकंड

चित्रकलेच्या तासाला होटकर सरांनी
टेबलावर केटली ठेवली, दोन वांगी, काचेचा पेला,
आणि मागे खिळ्यांना अडकवून सोडली चादर.
सोलापुरात मागे आणखी काय सोडणार?

एलिमेंटरीला तीन आठवडे उरले होते.
"आठवू नका," सर म्हणाले. "बघा."

नीरजानं केटलीच्या पोटावर खिडकी चमकवली.
तिचं घर रेल्वे लाइन्सला, रंग ट्यूबमधले,
ब्रश धुवायला वेगळं भांडं.
मी वड्या थुंकीनं भिजवायचो.

मला केटली जमली नाही.
आमच्याकडे चहा पातेल्यातून यायचा,
ती चोच कुठून वाकते ठाऊक नव्हतं.
पेला तिरका गेला.
चादर मात्र मान वर न करता काढली:
चौकट, मोर, काठ
आणि मोराच्या पायाशी आडवी, बोटभर,
ती रेघ,
जिथे बाणा तुटतो
अन् माग दोन फेरे रिकामाच धावतो.

सरांनी खोडरबर पुढे केला.
"चादरीत कुठंय हे?"

बघितलं. नव्हतं.
घरातल्या चारही चादरींत होतं,
पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पाचवीतसुद्धा.
मला वाटायचं, चादरीला ती असतेच,
तळहाताला असते तशी.

नायना अशोक चौकापलीकडे मागावर होते.
चांगला माल गाठोडी बांधून परमुलखात जायचा,
उरलेला, पगारातून कापून, आमच्या घरी.
'सेकंड' हा शब्द मी
घड्याळ कळायच्या आधी शिकलो.

रेघ खोडली नाही. दहापैकी चार.

गॅदरिंगला सगळी चित्रं व्हरांड्यात सुतळीला टांगली.
नायना पाळी संपवून तसेच आले,
भुवयांवर कापूस.
नीरजाच्या केटलीपुढे थांबले, मान डोलावली.
मग माझ्यापुढे.
बोलले काहीच नाहीत.
हात पँटला पुसले, चिमटा काढला,
कागद उलटा केला
आणि अंगठ्यानं मागची बाजू चाचपली,
ठाण पारखतात तशी.

मागे आईच्या विड्यांचा हिशेब होता, पेन्सिलनं:
हजार. हजार. नऊशे.
छाट, एकशे दहा.

तो त्यांनी ओठांतल्या ओठांत वाचला, तेलुगूत.
कागद सुलटा केला.
चिमटा होता तिथेच लावला.

घरी जाताना, सायकल हातात धरून,
पार साखर पेठेपर्यंत गप्प.
मग म्हणाले,
"पेला का रे वाकडा?"