हॉर्नची तार

कापणीनंतर शेतात जे खुंट उरतात
त्यांच्यावरून या गाडीचं नाव पडलं: रास्त्रोहेरो.
आमच्याकडे शेत नव्हतं, खुंटही नव्हते.
पातागोनियाचा वारा, काटेरी झुडपं, नऊशे मेंढ्या
आणि ही. मागे उघडा हौदा, पुढे डिझेलचा खोकला.

राखेच्या वर्षी बाबांनी ती शेडमध्ये लावली,
तोंड भिंतीकडे करून.
सीमेपलीकडे डोंगर फुटला होता
आणि आमच्या घरात भर दुपारी दिवे.
किल्ली हरवली नाही कधी.
पिठाच्या डब्यामागे खिळ्याला होती.
कोणी हात लावला नाही, एवढंच.

बाबांना जाऊन दोन हिवाळे झाल्यावर
भावाचा मुलगा, एलिसेओ, म्हणाला,
आत्या, पत्र्याला गंज नाही गं, नुसती धूळ आहे.
धूळ नव्हती ती.

किलोद्रान म्हातारा काठी टेकत आला.
चावीला शिवू नका म्हणाला. आधी तेल ओता,
चारही भोकांत, आणि आठवडाभर विसरा.
आम्ही विसरलो नाही. रोज संध्याकाळी
पान्याला लोंबकळून पाहायचो.
नवव्या दिवशी इंजिन बोटभर हललं
आणि एलिसेओ इतका ओरडला की कुत्रं पळालं.

टाकीतून निघालं ते डिझेल नव्हे, काकवी.
हवेच्या फिल्टरखालच्या वाटीत
तेल आणि राख मिळून सिमेंट झालेलं,
छिन्नीनं फोडलं.
सीटमध्ये उंदरांच्या सात पिढ्या.
ब्रेकचे रबर हातात घेतले तर बिस्किटासारखे तुटले,
नवे यायला अठरा दिवस, ट्रेलेवहून, बसच्या डिकीतून.

आणि डॅशबोर्डखाली, उताणी पडून पाहताना,
ही तार.
कुरतडलेली नाही. उंदरांचे दात असे नसतात.
पक्कडीनं सरळ कापलेली,
दोन्ही टोकांना काळी पट्टी, तीन-तीन वेढे.
हॉर्नची, एलिसेओ म्हणाला. कोण कापेल हॉर्न?

म्हाताऱ्यानं माते ओढून संपवला.
मग म्हणाला, हॉर्न म्हणजे चारा,
मेंढ्यांना तेवढंच ठाऊक.
राखेनं डोळे गेले तरी आवाजामागे यायच्या.
लोकर इतकी जड की बसली ती उठत नसे.
चारा संपला. तुझा बाप रिकामा हौदा घेऊन गेला,
कुंपण बघायला. चाक खड्ड्यात गेलं,
हात बटणावर पडला.

आल्या.
चालू शकत होत्या तेवढ्या आल्या.

मी तेव्हा अकरा वर्षांची.
त्या रात्री बाबा जेवले, एवढं आठवतं.
दोनदा वाढून घेतलं होतं.

पुढचं सोपं होतं.
नट ढिला कर, हवा काढ, बुडबुडे थांबले की आवळ.
प्लग तापेस्तोवर तीसपर्यंत मोज, घाई करू नकोस.
पहिला धूर पांढरा, मग काळा,
मग शेडमध्ये आम्ही तिघं एकमेकांना दिसेनासे झालो
आणि म्हातारा धुरात हसत खोकत होता.

तपासणीच्या कागदावर हॉर्नला वेगळी ओळ असते.
म्हणून जोडली तार. मीच जोडली.
तपासनीस बाई पोरगेली होती, खिडकीतून हात घालून
तिनंच बटण दाबलं.
बसलेल्या घशाचा बोकड ओरडावा तसा आवाज.
तिनं खूण केली, शिक्का मारला, म्हणाली,
उजवा आरसा बदला तेवढा.

येताना जुन्या फाटकापाशी थांबले.
इंजिन चालूच ठेवलं, अजून भरवसा नाही.
एलिसेओ बटणाकडे पाहत होता, माझ्याकडे नाही.
दाबलं. एकदा.

पलीकडे चाळीसेक मेंढ्या होत्या,
शेजारणीच्या, कानाला निळे बिल्ले.
एकीनंही मान वर केली नाही.
वाऱ्याकडे पाठ करून चरत राहिल्या.

गियर टाकला.
दुसरा अजून अडकतो.