पंधरा टक्के

डंडीत जानेवारीत बॉयलर बंद पडला
की माणूस आधी शेजारचं दार वाजवतो.
गणित नंतर आठवतं.

मिसेस ऑक्टरलोनी म्हणाल्या, पेट्री.
कोपऱ्यावरचा केमिस्ट म्हणाला, पेट्री, दुसरं कोण?
पोस्टाच्या रांगेत दोघे एकदमच म्हणाले
आणि एकमेकांकडे बघून हसले.
गेल्या दोन वर्षांत पेट्रीला
त्यांच्यातल्या कुणीही पाहिलेलं नव्हतं.

मी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला हेच शिकवते:
पानाचं वजन पानात नसतं.
त्याच्याकडे किती बोटं वळली,
ती बोटं कुणाची,
आणि त्याच हातानं आणखी किती जण दाखवले.
पाच जणांना दाखवलं तर
मताची भाकरी पाच जागी तुटते.
मोठी माणसं ज्याला दाखवतात तो मोठा.
आणि ती कशावरून मोठी?
त्यांनाही कुणीतरी दाखवलं म्हणून.
पोरं इथे हमखास हसतात: हे तर गोल फिरतंय.
फिरू दे, म्हणते मी.
कुठल्याही आकड्यांनी सुरुवात करा, घुसळत राहा.
काही फेऱ्यांनी आकडे हलायचे थांबतात,
लोणी वर येतं.
जगाची सगळी उतरंड म्हणजे
न हलणारा एक स्तंभ.

पेट्रीचा फोन चौथ्या दिवशी लागला.
"तीन आठवडे, हेन."
(इथे बायकांना प्रेमानं कोंबडी म्हणतात.)
मी काहीच बोलले नाही.
माझ्या श्वासाची वाफ स्क्रीनवर बसली.
मग तो म्हणाला, इसोबेल गेडिसला विचार.
लॉकीत, चर्चच्या मागे.
आणखी कुणी?
"नाही. मी दुसरं नाव देत नाही."

हातमोज्यात पेन धरून
विजेच्या बिलाच्या पाकिटावर मी मांडून पाहिलं:
अख्ख्या गावाचं वजन एका माणसावर,
आणि त्या माणसाचं, न तुटलेलं, सगळंच्या सगळं
एका बाईवर,
जिचं नाव सर्चमध्ये टाकलं तर
पहिल्या पानावर १८११ सालची एक कबर येते
आणि दुसऱ्यावर
कुत्र्यांच्या प्रदर्शनातली एक परीक्षक.

इसोबेल एकाहत्तर वर्षांची.
जूट गिरणीच्या बॉयलरघरात
बापाच्या हाताखाली शिकलेली.
पेट्री तिच्याकडे उमेदवारीला होता, पोरसवदा असताना.
ती गुडघ्यावर बसली, पत्र्याला कान लावला,
खिशातल्या नाण्यानं झाकण उघडलं.
चाळीस मिनिटांनी पाइपातलं पाणी
आधी कुरकुरलं, मग बोलू लागलं.
वीस पौंड.

तुमचं एक पान करून देऊ का? मी विचारलं.
"कशाला? मग लोक येतील."
आणि तुमच्यानंतर कुणाला बोलवायचं?
तिनं खांदे उडवले.
बोटं खिशातच राहिली.

याला आम्ही लटकतं टोक म्हणतो.
वाटसरू बोटांमागून बोटं धरत इथवर येतो
आणि पुढे रस्ताच नाही.
सूत्रात त्याची सोय आहे.
टोकाला पोचला की हमखास,
आणि एरवीही शंभरातल्या पंधरा वेळा
तो कंटाळतो,
डोळे मिटून कुठेही उतरतो.
म्हणून ज्याच्याकडे कुणीच बोट दाखवलं नाही
त्याच्याही पानात चिमूटभर पडतं.
दानधर्म नव्हे हं.
त्याशिवाय गणित सुटत नाही.

काल लेक्चर संपल्यावर
जी बस आधी आली तिच्यात चढले.
शेवटचा थांबा. भिंतीपलीकडे टे नदी,
भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाची.
बाकावर एक म्हातारा, मांडीवर सँडविचचा डबा.
"तुला कुणी पाठवलं?" त्यानं विचारलं,
जणू इथे यायला कुणाची तरी चिठ्ठी लागते.
कुणी नाही, म्हटलं.
तो जरासा सरकला.