आंधळा चढ

सहासष्टाव्या वर्षी पुस्तक उघडलंय.
पातळ, निळ्या पुठ्ठ्याचं, रस्त्याच्या नियमांचं.
स्वानहिल्दुर समोर बसून लोकर विणते,
बोटांना टाके कळतात, म्हणते.
तिच्या नजरेच्या मधोमध भोक पडलंय, कडा शाबूत.
माझ्याकडे बघायचं असलं की ती
माझ्या कानाशेजारच्या भिंतीकडे बघते.

चाळीस वर्षं गाडी तिनेच चालवली.
मी होडीतून उतरायचो, मासळीच्या वासासकट
तिच्या शेजारी बसायचो,
आणि हाल्फदानची खिंड लागायच्या आत घोरायला लागायचो.
त्या घाटातलं एकही वळण
मी जागेपणी पाहिलेलं नाही.

"वाच," ती म्हणते.
थांबण्याचं अंतर म्हणजे
धोका कळेपर्यंत गेलेला रस्ता
आणि ब्रेक दाबल्यावर गेलेला रस्ता, दोन्ही मिळून.
"होडीला ब्रेक नसतो," मी म्हणतो.
"म्हणूनच. पुढे वाच."

उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं.
हे सोपं, पाण्यावरही असंच.
दिवे दिवसाढवळ्याही लावलेले हवेत.
खडीवर ऐंशीच्या वर नाही.
गोल चक्राचं मात्र डोक्यात शिरेना.
आमच्या बिल्दुदालुरात कुठलं आलंय चक्र?
मग टेबलावर बशी पालथी घातली,
हेरिंगचे दोन डबे फिरवले, एक आतून, एक बाहेरून.
आतला आधी सुटणार, बाहेरच्याने थांबायचं.
मध्ये काडेपेटी होती, तीनदा चिरडली.
"त्या पेटीत माणसं आहेत," ती म्हणाली,
मान वर न करता, नुसत्या आवाजावरून.

पहिल्या खेपेला नापास.
एय्दिस नावाची परीक्षक, गालावर अजून मुरुमं.
'थांबा'च्या पाटीशी मी वेग कमी केला,
धक्क्याला लागताना करतो तसा,
आणि तसाच वाहत पुढे गेलो.
"थांबल्यासारखं करायचं नाही," ती म्हणाली,
"थांबायचं."
घरी येऊन हे सांगितलं तर बायको इतकी हसली
की तिचे चार टाके सुटले.

शब्दांची यादी मी तिला म्हणून दाखवतो.
एकपदरी पूल. जो जवळ, तो आधी.
निसरडा रस्ता.
आंधळा चढ, म्हणजे ज्याच्या पलीकडचं दिसत नाही असा.
उजवी कड धरावी, वेग उतरवावा,
समोरून कोणी येतच आहे असं धरून चालावं.
ती गप्प झाली.
मग म्हणाली, "हे मला डॉक्टरांनी सांगायला हवं होतं,
इतक्या कमी शब्दांत."

दुसऱ्या खेपेला पास.
परवान्यावरच्या फोटोत मी घाबरलेल्या कॉड माशासारखा दिसतो.

आज तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं.
"डोळ्यांत तेल घालून चालव," तिने बजावलं,
स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालत.
खिंडीत ती प्रत्येक वळणाच्या आधी बोलत होती.
आता डावीकडे. आता खड्डा.
इथे एकदा तुझं डोकं काचेवर आपटलं होतं, तरी तू उठला नाहीस.
आंधळ्या चढावर तिने हात पुढे टेकवला, काही बोलली नाही.
वर पोचलो.
पलीकडे कोणी नव्हतं, नुसता फ्योर्ड, खाली, करडा.

उतारावर मी गाडी उभी केली.
"का थांबलास?"
"मेंढी या बाजूला आहे. कोकरू त्या बाजूला."
हेही पुस्तकात होतं, पान एकेचाळीस,
कोकरू आईकडे धावतंच, न बघता.
"मग थांब," ती म्हणाली.

चाकं पूर्ण थांबलेली. दिवे लागलेले.
वादळात माझी होडी उशिरा यायची तेव्हा
ही धक्क्यावर गाडी लावून अशीच बसून राहायची,
वाट पाहत.
तेव्हा तिला वाट दिसत होती.

कोकरू गवत खात होतं.
आईने एकदा हाक दिली, त्याने कान हलवला.
मागे दुधाचा टँकर येऊन उभा राहिला,
त्यानेही हॉर्न दिला नाही.
"आलं का?" तिने विचारलं,
माझ्या कानाशेजारच्या काचेकडे बघत.
"नाही अजून," मी म्हणालो.