ऱ्हस्व

मी अक्षरावर पैसे घेतो.
मराठीत काना, मात्रा, वेलांटी फुकट.
इंग्रजीत फुकट काही नाही,
म्हणून अनसूयाबाई फुलसुंदर शिडीखाली उभ्या राहून
बोटं मोजत होत्या:
बी, ओ, यू, क्यू, यू, ई, टी.
सात!
मराठीत दोनच, बाई. ब आणि के.

पण ब ला काय लावायचं?

बाई स्वतः म्हणायच्या, बुका.
‘लग्नाचा बुका अडीचशे, वाढदिवसाचा दीडशे.’
डहाणूकर कॉलनीच्या त्या कोपऱ्यावर
आजवर कुणाचं अडलं नव्हतं.

आगाशे टीचर निशिगंधाच्या बादलीपाशी थांबल्या.
पस्तीस वर्षं दहावीला इंग्रजी, चष्मा दोरीला.
म्हणाल्या, ‘बूके. दीर्घ. शेवटचा टी मुका.’
त्यांची नात न्यू जर्सीहून आलेली.
‘आज्जी, बोके.’
‘बोके माळ्यावर भांडतात.’
‘तिकडे सगळे बोकेच म्हणतात.’
‘तिकडे म्हणू देत. हे पुणं आहे.’
एक पॉलिटेक्निकचा पोरगा, गाडी चालूच ठेवून:
‘बुकेट लिहा ना काका, दिसतंय तसं.’
नात म्हणाली, खाली फ्रेश फ्लॉवर्स टाका.
‘अजिबात नको,’ अनसूयाबाई म्हणाल्या,
‘लोक अर्धा किलो मागतील.’

मी शिडीवर. पाटीवर एक तांबडा ब, ओला.
खाली सगळे बरोबर.

मला इंग्रजी चित्रासारखं येतं.
क्यू म्हणजे शेपटीवाला ओ.
आठवीत सुरीचं स्पेलिंग मोठ्यानं वाचलं,
होतं तसं, पहिल्या अक्षरापासून: कनाईफ.
वर्ग हसला. सरांनी अर्धचंद्र दिला.
पुढं चाळीस वर्षं मी तोच रंगवतोय,
बॅटरीवर, हॉलवर, डॉक्टरवर, ऑफिसवर,
एकेकाच्या डोक्यावर नीट बसवून.

‘तो टी मुका आहे ना?’ अनसूयाबाईंना एकदम सुचलं.
‘मग त्याचे कापा.’
मी म्हटलं, बाई, रंग तेवढाच जातो,
बोलका असो का मुका.

त्या काही बोलल्या नाहीत.
आत गोणपाटावर भागूजी बसला होता.
लकवा होऊन दोन वर्षं.
उजवा हात मांडीवर,
कुणी ठेवून विसरलेल्या पिशवीसारखा.
डाव्या हातानं जरबेराच्या काड्या धरायचा,
दोऱ्याचं टोक दातात.
पहाटे गुलटेकडीहून आणलेला सगळा माल
असा, दातांनी आवळलेला.

‘राहू द्या,’ बाई म्हणाल्या. ‘सातांचेच घ्या.’

वाद चालूच.
टीचरनी सांगितलं, शब्द मुळात फ्रेंच.
पोरगा म्हणाला, मग फ्रेंचांनाच विचारा.
नातीनं मोबाइल काढला, मोबाइलमधली बाई म्हणाली बोके,
टीचर म्हणाल्या, हिला कुणी शिकवलं?
तेवढ्यात आतून आवाज आला.
‘ब.’

भागूजी पाटीकडं बघत होता.
तोंडातला दोरा खाली पडलेला.
ओठ गोल होत गेले.
आम्ही चौघं पाचजण त्या ओठांकडं बघत राहिलो,
उकार येतो का ओकार.
पोरानं गाडी बंद केली.

‘ब,’ तो परत म्हणाला.

टीचरनी चष्मा काढला, पदरानं पुसला.
म्हणाल्या, ‘बरोबर.’

मी कुणाला विचारलं नाही, उकार दिला.
ऱ्हस्व.
खाली फोन नंबर यायचा होता,
जागाच तेवढी होती.