तिसरं पान

लोणबेहळच्या बाजारादिवशी झिमली आडे हार घेऊन आली,
फासा तुटलाय म्हणाली.
अकरा राणीछाप रुपये, आणि मधोमध
मोकळ्या केसांची ही एक परदेशी बाई,
आडवी टांगलेली, तोंड आढ्याकडे.
मी फुंकणी खाली ठेवली.

सतराशे पंच्याण्णव. अर्धा डॉलर.
झेरॉक्सच्या बाडात जिला नऊ वर्षं बघतोय
ती तांड्यावरून पायी आली होती,
घामानं काळी पडून.

भिंग लावलं.
ठसे तेव्हा हातानं कोरायचे. हात हलला
की साल तेच राहतं, नाणं बदलतं.
म्हणून आधी तारे मोजायचे, पंधरा.
मग केसांची खालची बट पहिल्या ताऱ्याला शिवते
की गुंजभर अंतर राखते, ते पाहायचं.
मग तडा.
पोलाद थकलं की ठसा तडकतो,
आणि ठशातली भेग चांदीवर उंचवटा होऊन येते.
नख अडकलं तर ओरखडा,
नखाला लागलं तर तडा.
लागलं.

मग काट्याची बाजू. गरुड. पंखांखाली पानं.
दोन-दोन असतील तर चारचौघींसारखी.
तीन-तीन असती
तर मी शटर ओढून नुसता बसून राहिलो असतो.

उजव्या पंखाखालची पानं झिमलीच्या गळ्यानं पुसून टाकलेली.
डाव्या पंखावर कडी,
कडीखाली डाख, जाड, डावीकडे ओघळलेला.

बाबा डावखुरे होते.
फुंकणी डाव्या हातात, ज्योत डावीकडून,
आणि डाख ज्योतीकडे धावतो.
हे मला बाड न उघडता कळलं.

"कोनाची बाई जी ही?
केस सोडून बसली, तिले कोनी बोललं नाही?"
"कोणाचीच नाही. वर लिहिलंय बघ, स्वातंत्र्य."
"मंग आडवी काऊन टांगली?
तुह्या बापाले इचाराव लागते."

मी म्हटलं, कडी काढू दे. दोन मिनिटांची आच.
खाली तिसरं पान निघालं
तर तांड्यावर स्लॅबचं घर होईल तुझं.
न निघालं तर कडी पुन्हा बसवतो, फुकट.

तिनं नाणं माझ्या हातातून काढून घेतलं,
काठावरच्या खड्ड्यात करंगळीचं नख ठेवलं.
"हे माह्यं. दात येत व्हते तवा
याडीच्या गळ्यातलं चावलो म्हने मी."
मग बाहेर पाह्यलं.
"फासा बसव. काळीपिवळी निंगून जाईन."

फासा बसवला. तीस रुपये.
हार गळ्यात गेला, बाई पदराआड, आडवीच.

रात्री वहीत लिहिलं:
बट ताऱ्याला शिवते. तडा काठापासून कपाळापर्यंत.
पानं, दोन किंवा तीन.
डाख बाबांचा.
दात, झिमली आडे, वय साधारण एक वर्ष.