दीड कॉलमाचा ब्लॉक

फोर्टातल्या आमच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
‘बोरिवली : पाणी’ आणि ‘भाडेनियंत्रण कायदा’
यांच्या मधोमध एक खाकी पाकीट होतं:
ब्रेसान, ऑरेलिओ. इटली.
कात्रणं लावायचं काम माझं.
पहिलं त्र्याहत्तरचं. बंदरखात्याचा उपमंत्री झाला.
चार ओळी, पान सात, भरती-ओहोटीच्या वेळांखाली.

उकिडवे म्हणाले, याचा ब्लॉक करून ठेवा, लागेल.
उगाच म्हणाले, पण ब्लॉक झाला खरा:
जस्ताचा, लाकडावर ठोकलेला, दीड कॉलम रुंद.
वय त्रेचाळीस. केस भरगच्च. उजव्या गालावर तीळ,
म्हणजे जस्तावर डाव्या.

मग तो लागतच राहिला.
रोममध्ये सरकारं उडायची
आमच्या जिन्यातल्या बल्बसारखी,
कुणाला नवल नाही,
आणि नव्या यादीत हा असायचाच.
आधी बंदरं, मग टपाल, मग नऊ महिने अर्थ,
मग पुन्हा बंदरं.
बावतीस खिळे जुळवता जुळवता विचारायचा,
“बाई, आपला माणूस आज चढला का उतरला?”

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात तो मुंबईत आला,
कसल्याशा जहाजांच्या करारासाठी, दोन रात्री.
वार्ताहर गेला नाही. मी गेले,
जेवणाच्या सुट्टीत, डबा हातात तसाच,
बॅलार्ड पिअरच्या फाटकाशी.
मोटारीतून उतरला तो कुणी भलताच:
टक्कल, डोळ्यांखाली सूज,
एका हातानं कोटाचं बटण धरलेलं.
तीळ मात्र होता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं,
आणि सवयीनं हात हलवला,
मतदारांना हलवतात तसा.
मीही हलवला. काय करणार,
अकरा वर्षांची ओळख.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्रेचाळिशीचाच छापला.
नव्या ब्लॉकला पैसे पडतात.

पुढं ऑफसेट आलं. ब्लॉक भंगारात गेले, किलोवर.
हा तेवढा मी पर्समध्ये टाकला. चोरी म्हणा.

ब्याण्णवात मिलानहून बातम्या सुरू झाल्या:
धक्क्याचं कंत्राट, पाकिटं, जावयाच्या नावावरचं घर,
पहाटे दारात पोलीस.
खाकी पाकीट फुगलं, सुतळी बांधावी लागली.
मृत्युलेख तर मी केव्हाच तयार ठेवला होता,
दर खातेबदलाला एक ओळ खोडून, एक वाढवून.
आता ‘अनुभवी’ खोडून तिथं काय लिहायचं
हे उकिडव्यांना विचारावं, तर ते निवृत्त.

तो गेला सत्त्याण्णवात, गणपतीच्या आदल्या दिवशी.
पान सात पूर्ण विकलेलं,
कांदिवलीच्या कुठल्याशा नव्या संकुलाला. पोहण्याचा तलाव, मंदिर, सुलभ हप्ते.
लेख राहिला. अजून माझ्याकडेच आहे.

ब्लॉक माहीमच्या खिडकीत.
खाडीचा वारा सुटला की झडप आपटते,
तिच्याखाली सारते त्याला.
भाचीच्या मुलीनं परवा त्यावर
स्टॅम्पपॅड फासलं, वहीवर दाबलं:
केस भरगच्च, तीळ उजव्या गालावर.
“कोण गं हे?”
म्हटलं, बंदरखात्याचे.