अर्धी टाकी

तार्तू, जानेवारी. नदी गोठलेली.
हेल्दुर पिहलाक यांच्या टकलावर
मी चौसष्ट तारा चिकटवते,
गार जेलचा एकेक ठिपका लावून.
"दुखेल का?" नाही, मी म्हणते.
"मग पैसे कशाचे देता?"

काम सोपं. वाटेल तेव्हा बटण दाबायचं
आणि वाटलं त्या क्षणी
घड्याळाचा काटा कुठे होता ते सांगायचं.
पडद्यावरची रेघ मात्र आधीच चढू लागते,
अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त.
वाटणं येतं मागाहून,
वरातीमागून घोडं.

डॉक्टर लीविका समजावते :
जाणीव म्हणजे दुधावरचा फेस.
ट्रक धावतो, दूध हिंदकळतं, फेस येतो.
फेसाने कधी ट्रक चालतो का?
(एकतीस वर्षं हेल्दुरनी दुधाचा टँकर चालवला, वोरू ते तार्तू.
उपमा तिने रात्री बसून शोधली असणार.)

ते बराच वेळ गप्प.
मग तारा हलू नयेत म्हणून मान न वळवता :
"भरलेली टाकी शहाणी. रिकामीही शहाणी.
अर्धी असली की सांभाळा.
आत आडपडदे नसतात, धुवायला सोपं जावं म्हणून.
तुम्ही ब्रेक लावता, ट्रक थांबतो,
दूध थांबत नाही.
ओतेपाच्या चौकात, लाल दिव्याखाली, बर्फावर,
त्याने मला रेघेपलीकडे ढकललं, चांगलं हातभर.
पोलिसाला म्हटलं, मी नाही, दुधाने केलं.
दंड मलाच झाला."

लीविका हसते. दुधाला वजन असतं, हेल्दुर. फेसाला कुठे?
"खरं आहे.
पण माझ्या टाकीत फेसच आहे, दूध नाही,
हे तुम्ही झाकण उघडून पाहिलंत?"

ती वहीत काहीतरी लिहिते, खोडते.

संध्याकाळी यंत्र बंद.
मी बेसिनपाशी कोमट पाण्याने
त्यांच्या डोक्यावरचं जेल धुते.
डोळे मिटून ते म्हणतात, "बरं वाटतंय."

दोनच शब्द.
पण ओठ हलले, हवा हलली, माझा कान हलला.
त्या बरं वाटण्याने काहीच केलं नसेल
तर हे शब्द ओठांवर आणले कुणी,
आणि नेमके हेच कसे?
योगायोगाने एखादा माणूस
आयुष्यभर खरं बोलू शकतो का?

अहवालात मी लिहिलं :
बटण एकशे चाळीस वेळा. तक्रार नाही.
नळ गरजेपेक्षा जास्त वेळ चालू ठेवला मी,
त्यासाठी रकाना नव्हता.